व्यंकटरावांची मेलबर्न शाखा

व्यंकटराव कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या चपला बघतात. ओझरत्या नाही, चांगलं उभं राहून, हात पाठीमागे बांधून. सुनेची चप्पल रांगेत आहे की कोपऱ्यात सारलेली, बापाच्या वहाणा आणि मुलाचे बूट शेजारी आहेत की दोन टोकांना, पाहुण्यासाठी जागा मोकळी आहे की नाही, एवढं डोळ्यांखालून गेल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडत नाही. आमच्या गल्लीतल्या देशमुखकाकांच्या छातीत दुखायला लागलं त्या संध्याकाळी सगळे आत धावले, कुणी गाडी काढतंय, कुणी काकांना धरतंय, आणि व्यंकटराव बाहेर चपलांपाशी उभे. मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. काका बरे होऊन घरी आल्यावर व्यंकटराव मला हळूच म्हणाले, "बाई, त्या घरात बाप-लेकाचं बोलनं बंद हाय." ते खरंच होतं, पण सांगायची ही कुठली वेळ, असं मी त्यांना सुनावलं.

आत गेल्यावर ते चहा घेत नाहीत. "च्या घेतला की मानूस त्या घराच्या बाजूनं बोलतोय," असं त्यांचं म्हणणं. ते फक्त पाणी मागतात, आणि मग पाणी कोण आणतं ते बघत बसतात. सासू सुनेला हाक मारते, का मुलगा स्वतः उठतो, का सगळे एकमेकांची तोंडं बघतात. या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्य काढलंय, त्यामुळे तो आता कुठेही बाहेर पडतो. अमक्यानं तीन मजली घर बांधलं असं त्यांना सांगा. "हाव, पर पानी कोन आनलं?" तमक्याचा मुलगा मोठा अधिकारी झाला म्हणून सांगा, तरी तेच. आमच्या शाळेच्या संमेलनात एक प्रमुख पाहुणे स्त्री-पुरुष समानतेवर तासभर बोलले. टाळ्या चालू असताना व्यंकटराव माझ्याकडे झुकले आणि त्यांनी हाच प्रश्न केला. पाहुण्यांच्या बायकोला भाषण चालू असताना त्यांना पाणी द्यायला दोनदा उठावं लागलं होतं, हे माझ्याही ध्यानात आलं होतं, पण मी टाळ्या वाजवत होते.

लातूरला औसा रोडवर बियाण्याच्या दुकानाच्या वर 'विश्वास सोयरीक चौकशी केंद्र' अशी पिवळी पाटी दिसते, ती यांची. हे लग्न जुळवत नाहीत. जुळवणारे गल्लोगल्ली आहेत. जुळत आलेलं स्थळ खरं आहे का, ते हे तपासून देतात. पूर्वी ते मोपेडवर साड्यांचे गठ्ठे लावून मुरुडपासून औशापर्यंत गावोगाव विकायला जायचे. ओसरीवर साड्या पसरल्या की घरातली सगळी माणसं भोवती जमतात आणि मग घर आपोआप बोलायला लागतं. हळूहळू लोक साड्यांपेक्षा घरांबद्दलच विचारू लागले. त्या अमक्या गावात पोरगी द्यायची म्हणतो, घर कसं आहे? असं करत करत साड्या सुटल्या आणि चौकशी राहिली.

मी त्यांची शेजारीण. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माणसं कळतात असा माझा समज आहे. व्यंकटरावांच्या शेजारी राहून तो समज टिकवणं अवघड जातं.

त्यांची पद्धत साधी. गावात शिरायचं, आधी न्हाव्याकडे बसायचं, मग इस्त्रीवाल्याकडे, मग किराणा दुकानात. मुलाचं नाव काढायचं नाही. घराबद्दल बोलायचं, मुलगा आपसूक मधे येतो. कागदावर काही लिहायचं नाही, कारण कागद बघितला की माणूस जपून बोलायला लागतो. आणि निकाल फोनवर द्यायचा नाही, समोर बसून द्यायचा. यातला शेवटचा भाग मात्र फार लांबायचा. मुलीकडचे पुन्हा पुन्हा चकरा मारायचे आणि व्यंकटराव शांतपणे सांगायचे, "चौकशी चालू हाय." आमचे हे म्हणायचे, हा माणूस एक घर तपासतोय की धरण बांधतोय.

सगळं बरं चाललं होतं, पण मग लातूरची मुलं परदेशी पसरली. स्थळांच्या माहितीत मुरुड, निलंगा, उदगीर यायचं तिथे मस्कत आलं, जर्मनीतली उच्चारता न येणारी गावं आली, मेलबर्न आलं. तिथला न्हावी कोण आणि तिथे मोपेड कशी न्यायची? एक गृहस्थ तर त्यांच्या तोंडावर म्हणाले की आम्ही मुलाचं सगळं मोबाईलवर पाहिलंय, आता चौकशीची गरज नाही. व्यंकटराव त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसले. मी पाणी आणून दिलं, तरी त्यांनी माझ्याकडे तपासणीच्या नजरेनं पाहिलं नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

उपाय त्यांना आइस्क्रीमच्या दुकानात सापडला. आमच्या चौकात नवं दुकान उघडलं होतं. मालक ओळखीचा. तो म्हणाला की कंपनी गुजरातची आहे, मी नुसती फ्रँचायझी घेतलीय. नाव त्यांचं, पाटी त्यांची, रीत त्यांची, हात माझे, आणि चव सगळीकडे एकच. व्यंकटरावांनी एक सीताफळ आइस्क्रीम खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून ते नांदेडला गेले, तिथल्या दुकानात बसून तेच आइस्क्रीम खाल्लं, आणि संध्याकाळी परत येऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, चव एकच हाय," ते म्हणाले. "म्हंजे जमतंय."

"काय जमतंय?"

"शाखा. मी हितं बसून मेलबर्नची चौकशी करनार."

मी हसले. मला वाटलं, आइस्क्रीम बाधलं.

पण ते हट्टाला पेटले होते. पहिली शाखा त्यांनी नांदेडला रजियाआपांना दिली. रजियाआपांचं बांगड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. लग्नाचा चुडा भरायला अर्धं नांदेड त्यांच्यापुढे हात धरून बसतं. व्यंकटरावांनी परीक्षा म्हणून त्यांना एका अशा घराची चौकशी करायला सांगितली, जे त्यांनी स्वतः आधीच तपासलं होतं. आपांनी निकाल दिला तो तंतोतंत जुळला, वर एक गोष्ट जास्त होती. त्या घरची थोरली सून बांगड्या भरताना हात सैल सोडत नाही.

"मेरेकू मालूम है ना, भाऊ," आपा म्हणाल्या. "जिला घरात धाक हाय, तिचा हात दगडावानी ऱ्हातोय. तेल लावा, साबन लावा, ढिल्ला पडत न्हाई. तिथं पोरगी नको द्यायला लावू."

व्यंकटरावांनी त्यांना तिथल्या तिथे शाखाप्रमुख केलं. पण चव एकच हवी, म्हणून एक पिवळी पाटी, एक काळी छत्री आणि एक कापडी पिशवी दिली. छत्री-पिशवीशिवाय चौकशीला जायचं नाही, हा शाखेचा नियम. का, तर ते स्वतः तसे जातात. आपा तोंड फिरवून हसल्या, पण भर उन्हाळ्यात छत्री घेऊन फिरू लागल्या.

मेलबर्नची शाखा माझ्यामुळे निघाली, हे मला मान्य करावं लागेल. औशाची स्वाती माझी विद्यार्थिनी. निबंध सुंदर लिहायची. लग्न होऊन मेलबर्नला गेली, नवरा दिवसभर कामावर, हिला अजून काम नाही, ओळख कुणाची नाही. अधूनमधून मला फोन करायची आणि लातूरला काय चाललंय ते खोदखोदून विचारायची. भाजी काय आणली इथपासून. एकदा मी गंमत म्हणून तिला व्यंकटरावांच्या शाखेची कथा सांगितली.  ती म्हणाली, "बाई, मी घेऊ का ती शाखा?"

तिचं शिक्षण व्हिडिओवरून झालं. व्यंकटराव आमच्याच बैठकीत मोबाईल उभा करून शिकवायचे आणि तिचा नवरा मागून करारपत्राचं विचारायचा. व्यंकटराव त्याला सांगायचे, "कागुद कशाला? पोरगी औशाची हाय." पाटी कुणाबरोबर तरी पाठवली गेली. भाड्याच्या घराला बाहेर पाटी लावायची परवानगी नव्हती, म्हणून स्वातीनं ती स्वयंपाकघरात ओट्यावर लावली. छत्रीचा मात्र उपयोग झाला, कारण तिथे म्हणे पाऊस कधीही येतो.

आणि मग पहिलंच स्थळ आलं ते माझ्या प्राचीचं.

प्राची माझी एकुलती एक. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, नांदेडलाच नोकरीला लागली. स्थळं आली की तिला हसू यायचं किंवा झोप. नांदेडचा ऋषिकेश हा पहिला मुलगा, ज्याच्याशी बोलून झाल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "आई, बरा वाटतोय." नंतर सुट्टीला घरी आली की ती फोन घेऊन गच्चीत जायला लागली, खाली उतरताना गुणगुणायला लागली. मुलगा मेलबर्नला, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. मला आनंद झाला आणि भीती त्याहून जास्त वाटली. इथे काही बिनसलं तर ती बसनं माझ्याकडे येईल, माझ्या खोलीत रडेल. तिथून कशी येणार? दुसऱ्यांच्या लेकींच्या बाबतीत ज्या चौकशीला मी हसायचे, तिच्यासाठी मी स्वतः जिना चढून बियाण्याच्या दुकानाच्या वर गेले.

"घर चांगलंच निघायला पाहिजे, असं मनात धरून आलाव का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग हितून पुढं मला काई इचारू नका."

नांदेडचा भाग रजियाआपांनी झटपट उरकला. घर स्वच्छ, आई हसरी, पाणी मुलाच्या बापानं आणलं. मेलबर्नचा भाग मात्र सरळ गेला नाही. स्वातीनं आधी नवऱ्याला ऋषिकेशच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे पाठवलं. त्या न्हाव्यानं एक शब्द न बोलता त्याचे कानांवरचे केस भुईसपाट केले. इस्त्रीवाला हा प्रकारच तिथे नाही. मग स्वाती स्वतः छत्री-पिशवी घेऊन ऋषिकेशच्या दारात गेली आणि शिकवल्याप्रमाणे चपला बघत उभी राहिली. चांगला बराच वेळ. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी पोलिसांना फोन केला.

आलेली पोलीसही बाईच होती. स्वाती घाबरून खरं तेच बोलली, की आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाची चौकशी करतात आणि मी मेलबर्नची शाखा आहे. पोलीस बाईनं सगळं दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाली की माझ्या लग्नाआधी तुझ्यासारखं कुणी त्या माणसाच्या दारात उभं राहिलं असतं तर माझी बरीच वर्षं वाचली असती. आणि ती स्वातीला समोरच्या बाईंकडे स्वतः घेऊन गेली, गैरसमज दूर करायला.

हे ऐकून मी डोक्याला हात लावला. व्यंकटराव फोनवर स्वातीला म्हणाले, "तिला इचार गं, शाखा घेती का."

समोरच्या बाईंनी स्वातीला बसवून घेतलं. त्यांच्याकडेही पुष्कळ दिवसांत कुणी आलं नव्हतं. मुलगा चांगला आहे म्हणाल्या, माझे कचऱ्याचे डबे तोच बाहेर ठेवतो. फक्त पूर्वी सकाळी शर्ट घालून जायचा, आता कित्येक आठवडे दिवेलागणीला कामगारांचं चमकणारं पिवळं जाकीट घालून जातो आणि पहाटे येतो.

हे जाकिटाचं मात्र मला कुणी सांगितलं नाही. मी व्यंकटरावांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "चौकशी चालू हाय." शेवटी मी स्वातीलाच फोन लावला. "बाई, मुलगा चांगला आहे हो, फक्त..." एवढं म्हणून ती थांबली. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई त्या 'फक्त'ला सोडते होय? मी सगळं काढून घेतलं. ऋषिकेशची नोकरी गेली होती. तो एका गोदामात खोकी उचलत होता. हे त्यानं ना बापाला सांगितलं होतं, ना माझ्या मुलीला.

मी तशीच जिना चढले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हाव."

"आणि माझी मुलगी तिकडे हसून बोलतेय त्याच्याशी. तो खोटारडा आहे."

"खोटं बोल्लाय," व्यंकटराव म्हणाले. "खोटारडा हाय का, ते बघून राहिलो. रविवारपर्यंत टाईम दिलाय त्याला."

"कसला टाईम? तुम्ही कोण टाईम देणारे? पोटची पोर माझी आहे."

"बाई, बसा."

मी बसले नाही. घरी येऊन प्राचीला फोन लावायला घेतला आणि का कोण जाणे, आधी रजियाआपांना लावला. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला आजवर कळलं न्हाई का, भाऊची चौकशी एवढी लांबते कशापायी?"

मला खरंच कळलं नव्हतं. आपांनी सांगितलं. ज्या मुलात खोट निघते, त्याच्याकडे व्यंकटराव स्वतः जातात. तुझं हे हे कळलंय, म्हणतात. तू सोडतोस का? किंवा, तू स्वतः सांगतोस का? त्याला मुदत देतात आणि तोवर मुलीकडच्यांना झुलवत ठेवतात. जो मारझोड करणारा आहे, लबाड आहे, त्याला मुदत नाही, त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी. बाकीच्यांना ते एक संधी देतात. "कितने तो बच्चे सुधर गये," आपा म्हणाल्या. "पोरीवाल्याला त्यानं कधी सांगितलं न्हाई."

मी प्राचीला फोन केला नाही. ते सोपं नव्हतं. त्या आठवड्यात मी आमच्या ह्यांच्यावर एवढी चिडले की ते रोज जेवण झालं की फिरायला निघून जात.

त्याआधीच तिकडे काय झालं होतं ते स्वातीनं मला नंतर सांगितलं. ती ऋषिकेशच्या घरी गेली. तो जाकीट घालून निघतच होता. तिनं पाणी मागितलं, त्यानं आणून दिलं. बोलता बोलता ती सवयीनं "हाव" म्हणाली. त्यानं विचारलं, तुम्ही लातूरच्या का? आणि तो पुन्हा पाणी आणतो म्हणून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. मग तिनं व्यंकटरावांना व्हिडिओ लावून दिला. व्यंकटरावांनी आधी नोकरीचं काढलंच नाही. म्हणाले, "लोकायला लई इचारलं तुझ्याबद्दल. आता तू सांग, कसा हायेस?" त्या पोराला कित्येक महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. घरून फोन आला की सगळे पगार आणि हवामान विचारायचे. फोन ठेवताना व्यंकटरावांनी त्याला रविवारपर्यंत मुदत दिली, पोरीला तूच सांग म्हणून. त्या दिवशी तो कामावर उशिरा पोचला.

रविवारी प्राची लातूरला आमच्याकडेच होती. दुपारी फोन घेऊन गच्चीत गेली. मी खाली डाळ निवडत बसले. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडली. ती खाली आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"त्याची नोकरी गेलीय आई. गोदामात काम करतोय. मला आजपर्यंत बोलला नाही."

"असं?" मी म्हटलं. मला अभिनय येत नाही, पण तिचं लक्ष नव्हतं.

"खूप बोलले मी त्याला. ठेवून दिला होता फोन." ती माझ्याजवळ पाटावर बसली. "मग परत लावला. आई, त्यानं स्वतः सांगितलं ना. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मी आजच विषय संपवला असता."

मी डाळीचं ताट खाली ठेवलं. त्या दिवशी रागाच्या भरात मी तो फोन केला असता, तर मीच तिचं सुख मोडून टाकलं असतं आणि वर, वाचवलं म्हणून समाधानानं झोपले असते. 

प्राचीनं त्याला अटी घातल्या. नोकरीचं बघू, खोटं पुन्हा नाही, आणि आधी वडिलांना सांगायचं. त्यानं सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला, जेवतोस का नीट, असं विचारलं. पुढे काही महिन्यांनी त्याला एका लहान कंपनीत त्याच्या शिक्षणाचं काम मिळालं. दिवाळीला आला. मी त्याला आमच्या दारात बूट काढताना बघितलं आणि लाज वाटून तोंड फिरवलं. साखरपुड्याच्या बांगड्या रजियाआपांनी भरल्या. प्राचीचा हात सैल आहे, असं त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलं.

स्वातीची शाखा जोरात आहे. समोरच्या त्या बाई तिची मैत्रीण झाल्यात, आणि लातूर-नांदेडकडची एकटी राहणारी मुलं आता शनिवारी तिच्याकडे जेवायला असतात. ती म्हणते, बाई, अर्धी चौकशी पानावरच होते. मस्कतला रजियाआपांच्या भाचेसुनेनं शाखा घेतलीय. जर्मनीतून विचारणा आहे. पिवळ्या पाट्या आता एकदम डझनानं रंगवून घेतात. सगळ्या शाखांना व्यंकटरावांनी एक नवा नियम घातलाय: सगळ्या जगाला विचारून झालं की शेवटी मुलाच्या समोर बसायचं, कसा आहेस म्हणायचं, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उठायचं नाही.

साखरपुड्याचे पेढे घेऊन मी केंद्रात गेले तेव्हा ते एकटेच होते. खाली दुकानात पोती उतरवत होते, त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "व्यंकटराव, हा शेवटचा नियम तुम्हाला सुचला कसा?"

त्यांनी पेढा हातात धरला. खाल्ला नाही.

"माझी बी झाली हुती की चौकशी," ते म्हणाले. "किल्लारीकडची पोरगी. मी बघून आल्तो. तिनं बी माझ्याकडं बघितलं हुतं. मग त्यायचा मानूस गावात आला, चार जागी इचारला. लोकं म्हन्ले, पोरगा फिरता हाय, मोपेडवर हिंडतोय. खोटं न्हाई बोल्ले कोनी. मी हिंडतच हुतो. झालं, मोडलं. नंतर आई आजारी पडली, मग ऱ्हाऊनच गेलं."  "त्यो मानूस माझ्या घरावरूनच गेला, बाई. मी दारातच हुतो. मला इचारलंच न्हाई त्यानं."

इतकी वर्षं शेजारी राहून ते एकटे का, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांना विचारलं होतं. मला रडू येईल असं वाटलं, आणि मी रडले तर ते मलाच धीर देत बसतील हेही कळत होतं.

"विचारलं असतं," मी म्हटलं, "तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करत नाही ना, एवढं बघून घेतलं. मग पेढा कागदावर ठेवला, सदरा खाली ओढला, खुर्चीच्या काठावर येऊन ताठ बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. साठीचा माणूस, पण खाली मान घालून बसला.

"मी व्यंकट," ते म्हणाले. "मुरुडचा. घर दोनच खोल्याचं हाय, पर सोताचं हाय. घरात मी आन आई. साड्या इकत फिरतो हे खरं हाय, पर ह्या साली दुकानाचं ठरलंय. पान-तंबाखू न्हाई. राग येतोय, पर लगेच जातोय."  खालचा पोत्यांचा आवाज थांबला होता. "पोरगी धावीला हाय म्हन्ले. तिला पुढं शिकायचं आसंल तर शिकू द्या. मी सोडत जाईन मोपेडवर कालिजला."

मी मराठीची शिक्षिका.  पण मुलीकडची माणसं जे म्हणतात, तेच म्हटलं.

"स्थळ चांगलं आहे, व्यंकटराव. मी मुलीकडची असते तर तिथल्या तिथे होकार दिला असता."

त्यांनी मान वर केली.

"हाव?"

"हाव," मी म्हटलं.